आर्गोनॉट

शीर्षपाद वर्गाच्या ऑक्टोपोडा गणातील सागरी प्राणी. नर लहान व कवचहीन असतो. मादी कागदासारख्या पातळ कवचात राहून त्यातच अंडी सांभाळते. कवच शरीराला जखडलेले नसल्यामुळे ते अन्य प्राण्याचे बळकावलेले असावे, असे अनेक निसर्गवैज्ञानिक मानीत. मादीच्या दोन भुजांवरील रुंद पडदे म्हणजे शिडे होत, ही समजूत ॲरिस्टॉटलच्या काळापासूनची. मृत नमुन्यांवरून या वादाचा निर्णय होणे शक्य नव्हते. फ्रेंच निसर्गवैज्ञानिक झान व्हिलप्रो-पॉवर यांनी सिसिलीतील मेसीना येथे १८३२ साली काचेच्या टाक्या तयार करविल्या व जिवंत आर्गोनॉट पाळून प्रयोग केले. मुद्दाम फोडलेली कवचे माद्यांनी त्याच पडद्यांतून स्रवणाऱ्या द्रव्याने सांधली. कवच मादीचे स्वतःचेच असल्याचे त्यावरून सिद्ध झाले आणि शिडे मानलेले पडदे कवचनिर्मितीची इंद्रिये ठरले.