सुटे भाग आणि बांधील निवड

शर्यतीच्या सायकलीसाठी सुटे भाग घेताना काम्पान्योलो, शिमानो की स्रॅम, हा प्रश्न आज निष्ठेच्या भाषेत विचारला जातो. एकीकडे इटलीची परंपरा, दुसरीकडे जपानची अचूकता, तिसरीकडे अमेरिकेची नवता, अशी विशेषणे त्यासाठी तयारच असतात. आमच्या मते या निष्ठेमागे एक बंधन आहे, आणि ते बंधन केव्हा आले हे इतिहासात नेमके दाखवता येते.

तुल्लिओ काम्पान्योलो यांनी १९३३ साली विचेन्झा येथे कारखाना काढला. घाटातल्या शर्यतीत थंडीने बधिर झालेल्या बोटांना चाकाचा नट सैल करता आला नाही, आणि त्यातून त्यांना झटक्यात चाक सोडवणारी कळ सुचली, ही आख्यायिका आजही आवर्जून सांगितली जाते. त्याआधी, १९२१ मध्ये, जपानमधील साकाई या शहरात शिमानोची सुरुवात फ्रीव्हील बनवण्यापासून झाली होती. तूर द फ्रान्समध्ये व्यावसायिक स्पर्धकांना डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, वापरण्याची मुभा १९३७ मध्ये मिळाली. पुढे काम्पान्योलोच्या डिरेलरला मोठी प्रतिष्ठा लाभली. पण तिच्यासोबत सक्ती नव्हती. त्या काळी कळ किती ओढायची हे स्वाराचा हात आणि कान ठरवीत. त्यामुळे एका कंपनीची कळ, दुसरीचा डिरेलर आणि तिसरीची साखळी एकत्र नांदू शकत. सनटूर या जपानी कंपनीने १९६४ मध्ये आणलेला तिरप्या चौकटीचा डिरेलर स्वस्त असूनही उत्तम चाले, आणि तो महागड्या इटालियन भागांशेजारीही बसवता येई.

१९८४ मध्ये शिमानोने डुरा-एस या संचात इंडेक्स पद्धती आणली. कळीचा प्रत्येक 'टक्' तार ठरावीक लांबीनेच ओढू लागला. अर्थात कळ, डिरेलर आणि चकत्यांमधले अंतर यांचा मेळ बसणे अनिवार्य झाले. सनटूरच्या पेटंटची मुदतही याच सुमारास संपली, आणि तिरपी चौकट शिमानोच्या डिरेलरमध्ये आली. कल्पना टिकली, ती प्रथम मांडणारी कंपनी मात्र पुढच्या दशकात मागे पडली. १९९० मध्ये शिमानोने ब्रेक आणि गिअरची कळ एकत्र केली, तेव्हा निवडीचे एकक 'भाग' न राहता 'संच' झाले.

१९८७ मध्ये शिकागोत स्थापन झालेल्या स्रॅमने हे ओळखले. पूर्ण संच घेणाऱ्या सायकल उत्पादकांना शिमानो सवलत देते आणि त्यामुळे इतरांची वाट अडते, अशी तक्रार करत तिने १९९० मध्ये दावा लावला; तो पुढे तडजोडीने मिटला. गंमत अशी, की याच स्रॅमने २०१५ मध्ये तारेविना चालणारा संच आणला, तेव्हा त्याच्या कळा फक्त स्रॅमच्याच डिरेलरशी बोलत होत्या.

इंडेक्स पद्धतीने नवख्या स्वाराला अचूक गिअर दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या बदल्यात हाताचा अंदाज आणि भागांची सरमिसळ करण्याचे स्वातंत्र्य गेले. म्हणून कोणती कंपनी श्रेष्ठ, याआधी दुसरा प्रश्न विचारावा असे आम्हाला वाटते: दहा वर्षांनी यातला एक भाग झिजला, तर तो एकच बदलता येईल, की सगळा संच?