फ्रेंचचे प्राथमिक अध्ययन आणि मराठीचा भाषिक इतिहास : ज्यूल ब्लॉक यांच्या ग्रंथाच्या अनुवादाच्या अनुषंगाने

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील महाविद्यालयांत फ्रेंच भाषेचा विचार बहुधा पर्यटन, भाषांतरव्यवसाय अथवा परदेशी शिक्षण यांच्या संदर्भात केला जातो. तथापि मराठीच्या अभ्यासकांना या भाषेची गरज वेगळ्याच कारणाने भासली. मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणावरील पायाभूत ग्रंथ मुळात फ्रेंचमध्ये लिहिला गेला. प्रस्तुत निबंधात या घटनेचा आणि प्रारंभिक फ्रेंच क्रियापदे व क्रियाविशेषणे यांच्या अध्ययनाचा संबंध तपासला आहे.

ग्रंथ आणि अनुवाद :
ज्यूल ब्लॉक (१८८०-१९५३) यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ १९२० मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. प्रा. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला त्याचा अनुवाद 'मराठी भाषेचा विकास' या नावाने १९४१ मध्ये प्रकाशित झाला. देवराज चानना यांचा इंग्रजी अनुवाद १९७० मध्ये आला. म्हणजेच हा ग्रंथ इंग्रजीच्या २९ वर्षे आधी मराठीत उपलब्ध झाला. पाश्चात्त्य ज्ञान इंग्रजीच्या वाटेनेच मराठीत येते, या रूढ समजुतीला हा लक्षणीय अपवाद होय. इंग्रजीची वाट न पाहता मूळ भाषा शिकणारा अभ्यासक मिळाल्यामुळेच हे शक्य झाले.

क्रियापदांचे साम्य व भेद :
फ्रेंचच्या प्रारंभिक पाठांत 'एत्र' (असणे), 'आव्वार' (जवळ असणे), 'आले' (जाणे), 'फेर' (करणे) ही क्रियापदे येतात. यांपैकी 'आव्वार'ला मराठीत थेट प्रतिशब्द नाही. 'माझ्याकडे पुस्तक आहे' अशी रचना करावी लागते. याउलट 'एत्र'चे तृतीयपुरुषी एकवचनी रूप उच्चारात केवळ 'ए' असले, तरी त्याच्या लेखनात टिकलेले 'स' आणि 'त' हे वर्ण संस्कृत 'अस्ति'शी नाते सांगतात. 'मुरीर' व मरणे, 'व्हीव्र' व जीव, 'व्वार' व विद् हेही मूळचे सगोत्र होत.

भूतकाळाचे साम्य अधिक उद्बोधक आहे. 'तो गेला, ती गेली' याप्रमाणे फ्रेंचमध्येही 'आले'चे कृदन्त, निदान लेखनात, कर्त्याच्या लिंगानुसार बदलते. 'मी पत्र लिहिले, मी चिठ्ठी लिहिली' येथे मराठी क्रियापद कर्माला अनुसरते; फ्रेंचमध्ये 'आव्वार'सह येणारे कृदन्त कर्म आधी आले तरच त्याला अनुसरते. दोन्ही भाषांतील ही रूपे जुन्या कृदन्तांतून घडली आहेत. इंग्रजीच्या आधारे हा नियम समजून घेणे कठीण जाते. मराठीच्या आधारे तो परिचित वाटतो.

क्रियाविशेषणांचे स्थान :
'तो चांगला गातो, ती चांगली गाते' असे मराठीत म्हटले जाते. फ्रेंचमधील 'ब्यँ' (चांगले) मात्र अविकारी राहते. मराठीत 'नेहमी', 'लवकर' ही क्रियाविशेषणे क्रियापदापूर्वी येतात. फ्रेंचमध्ये 'तुझूर' (नेहमी) सामान्यतः क्रियापदानंतर येते. नकारदर्शक 'न' आणि 'पा' हे शब्द तर क्रियापदाला दोन्ही बाजूंनी वेढतात. शास्त्रीय गद्यात 'नेहमी', 'क्वचित', 'बहुधा' या शब्दांवर विधानाची व्याप्ती अवलंबून असते. त्यामुळे या लहान शब्दांची चूक अर्थाची चूक ठरते.

निष्कर्ष :
नवापूरचे रेल्वे स्थानक महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांत विभागलेले आहे. या परिसरातील विद्यार्थी मावची, गुजराती, मराठी व हिंदी यांच्या सान्निध्यात वाढतो. त्याच्या मावची बोलीची नोंदही ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात, म्हणजे परभाषेतच, झाली. अनेक भाषांतील रूपांची तुलना करण्याची सवय ही त्याची उणीव नसून पूर्वतयारी आहे. आपल्या भाषेविषयी इतरांनी काय लिहिले हे स्वतः वाचता येणे आणि आवश्यक तेथे त्याचा प्रतिवाद करता येणे, हा परभाषा शिकण्याचा एक महत्त्वाचा हेतू ठरतो. परांजपे यांचा अनुवाद त्याचा पुरावा आहे. त्याचा आरंभ मात्र चार-दोन क्रियापदांच्या रूपावलीनेच करावा लागतो.