उंबरठ्यावरचा इन्स्पेक्टर

१९५८ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात उंदरांची तक्रार आली, म्हणून आरोग्य खात्याचा एक इन्स्पेक्टर एका जुन्या घरापाशी गेला. दार वाजवलं, कुणी उघडलं नाही. मागच्या बाजूला पेंढा, कचरा आणि उंदरांच्या लेंड्या यांचा ढीग होता, अंदाजे अर्धा टन! तेवढ्यात मालक आला. इन्स्पेक्टर म्हणाला, तळघर बघू द्या. मालक म्हणाला, नाही. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर पोलिसांना घेऊन परत गेला, दार बंदच. शेवटी मालकाला वीस डॉलर दंड झाला.

वीस डॉलरचं हे भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी मालक हरला. पोलीस गुन्ह्याचा पुरावा शोधतो, इन्स्पेक्टर फक्त घर राहण्याजोगं आहे का ते बघतो, त्याला वॉरंट कशाला, असा बहुमताचा सूर होता.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे पटलं होतं. अर्धा टन लेंड्या शेजारी असतील तर मीच तक्रार करीन. मग १८९७ चं पुणं आठवलं. तिथेही लोकांच्या आरोग्यासाठीच गोरे सोल्जर प्लेगचे रोगी शोधत घराघरांत शिरले होते, स्वयंपाकघरात आणि देवघरातसुद्धा. त्याच वर्षीच्या साथरोग कायद्यानं अधिकाऱ्यांना संरक्षण दिलं होतं: सद्भावनेनं केलेल्या कामाबद्दल त्यांच्यावर दावा लावता येत नव्हता. जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ते आपण शाळेत शिकतो. हे कलम मात्र कुणी शिकवत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न पुन्हा आला सॅन फ्रान्सिस्कोतून. नोव्हेंबर १९६३. इमारतीची वार्षिक तपासणी करताना इन्स्पेक्टरला कळलं की तळमजल्यावरचा भाडेकरू मागच्या भागात राहतो. तिथे राहायची परवानगीच नव्हती. भाडेकरूनं वॉरंटशिवाय आत येऊ दिलं नाही. इन्स्पेक्टर दोनदा, तीनदा गेला. डिसेंबरात भाडेकरूला अटक झाली.

गंमत अशी, की तो नियम मोडतही असेल. तरी १९६७ च्या जूनमध्ये ‘कमारा’ खटल्यात न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी त्याची बाजू घेतली आणि आठ वर्षांपूर्वीचा आपलाच निकाल फिरवला. मला त्यातला एक साधा मुद्दा फार आवडतो. दारात उभ्या माणसाला कोणी पाठवलं, माझंच घर का तपासायचं, त्याचा अधिकार कुठे संपतो, हे दार उघडणाऱ्याला कळायला काही मार्गच नसतो. नकार देऊन पाहायचा, आणि चुकलं तर दंड भरायचा!

पण न्यायालयानं वॉरंट सोपंही करून टाकलं. त्या विशिष्ट घराबद्दल संशय असायची गरज नाही. इमारत जुनी आहे, वस्तीत बऱ्याच काळात तपासणी झालेली नाही, एवढंही पुरे. तातडीचा धोका असेल तर वॉरंटही नको. विरोधी मत देणाऱ्या तीन न्यायमूर्तींना वाटलं, असे कागद ढिगानं छापून निघतील. त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावता येत नाही. तरी इन्स्पेक्टर आणि दार यांच्यामध्ये एक तिसरा माणूस आला, हे मला थोडं वाटत नाही.

आपल्याकडे? मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा, म्हणजे प्लेगच्या नऊ वर्षं आधीचा. त्याच्या ४८८ व्या कलमानुसार आयुक्त किंवा त्यांचा माणूस तपासणीसाठी इमारतीत शिरू शकतो, पण एरवी सूर्यास्तानंतर नाही. माणसं राहत असतील आणि त्यांची संमती नसेल, तर आधी लेखी नोटीस हवी. बायकांना बाजूला व्हायला वेळ द्यायचा, चालीरीतींचा मान ठेवायचा. वाचताना वाटतं, हे पुण्यात लागू असतं तर!

फक्त ती नोटीस लिहितं तेच ऑफिस, ज्याचा माणूस आत येणार असतो.