पान, पंथ आणि परवाना : श्रद्धेची नोंद कोणाच्या दप्तरी?

१/ १८८४ साली मुंबई सरकारने सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटिअर प्रसिद्ध केले. संपादक होते जेम्स मॅकनॅब कॅम्पबेल. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे सविस्तर वर्णन त्यात आहे. दहा वर्षांनी याच अधिकाऱ्याने एका निराळ्या विषयावर टिपण लिहिले : भांगेचा धर्म. आजचा थ्रेड त्या टिपणाविषयी, आणि सातासमुद्रापार स्थापन झालेल्या एका चर्चविषयी.

२/ मूळ प्रश्न असा. एखाद्या समूहाची उपासना चित्ताची अवस्था पालटणाऱ्या वनस्पतीभोवती उभी आहे आणि राज्यसत्तेने ती वनस्पतीच निषिद्ध ठरवली, तर भक्तांनी काय करावे? अमेरिकेतील मूलनिवासींनी कायदेशीर चर्च स्थापन केले. भारतात तशी वेळ आली नाही. ती का आली नाही, हे समजून घेण्यासाठी १८९३ सालाकडे जावे लागते.

३/ त्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये भारतातील गांजाच्या दुष्परिणामांविषयी प्रश्न उपस्थित झाला. परिणामी हिंदुस्थान सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, सात सभासदांपैकी तीन भारतीय. आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले आणि १८९४ मध्ये अहवाल सादर केला.

४/ येथे तीन शब्द नीट समजून घ्यावेत. भांग म्हणजे झाडाची पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोरे, आणि चरस म्हणजे त्याच झाडाचा चिकट राळेसारखा स्राव. झाड एकच, परंतु कायद्याच्या लेखी या तिघांचे नशीब पुढे वेगवेगळे ठरले.

५/ कॅम्पबेल तेव्हा मुंबईत जमीन महसूल, जकात आणि अफू या खात्यांचे कलेक्टर होते. आयोगाच्या अहवालाला जोडलेल्या टिपणात त्यांनी भांग आणि शिवोपासना यांचा संबंध उलगडला. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता : ज्या वनस्पतीत भक्त देवत्व पाहतो तिच्यावर बंदी घातली, तर सामान्य जनांना क्लेश होतील आणि साधू-बैराग्यांत खोल रोष उत्पन्न होईल.

६/ आयोगाचे मतही बंदीविरुद्ध पडले. बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही. संपूर्ण बंदी अनावश्यक आणि अनिष्ट आहे. कर आणि परवाने यांच्याद्वारे नियंत्रण ठेवावे, असा तो निर्णय. त्यामागे केवळ उदारता होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अबकारी उत्पन्न आणि १८५७ नंतर धर्मात हात घालण्याची धास्ती, ही दोन्ही कारणे त्या काळाच्या राज्यकारभारात खोल रुजलेली होती.

७/ तरीही एक गोष्ट ठळकपणे लक्षात घ्यावी. भांगेच्या बाजूने कोणत्याही पंथाने अर्ज केला नव्हता. संस्था नव्हती, घटना नव्हती, सभासदांची यादी नव्हती. सरकारने रूढीची दखल घेतली. शिवरात्रीला भांग घोटणाऱ्या घराला ‘आमचा धर्म कोणता’ हे कागदावर सिद्ध करावे लागले नाही.

८/ अमेरिकेत नेमके उलटे घडले. पेयोटी नावाचे लहानसे, बिनकाट्याचे निवडुंग तेथील अनेक मूलनिवासी जमाती रात्रभर चालणाऱ्या प्रार्थनेत प्रसाद म्हणून घेत. त्यातील मेस्कलीन हे द्रव्य चित्तावर तीव्र परिणाम करते. आज अशा द्रव्यांना ‘सायकेडेलिक’ म्हणतात. १९१८ मध्ये पेयोटीवर बंदी घालणारे विधेयक अमेरिकन प्रतिनिधिगृहात संमत झाले. सिनेटमध्ये मात्र ते अडले.

९/ जेम्स मूनी हे स्मिथसोनियन संस्थेचे मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी या विधेयकाविरुद्ध साक्ष दिली आणि उपासकांना सल्ला दिला : सरकारला कळेल अशा भाषेत बोला, चर्च स्थापन करा. १० ऑक्टोबर १९१८ रोजी ओक्लाहोमा राज्यात ‘नेटिव्ह अमेरिकन चर्च’ची रीतसर नोंदणी झाली. तिच्या सनदेत ख्रिस्ती धर्म आणि पेयोटीचा विधी यांचा एकत्र उल्लेख होता.

१०/ कॅम्पबेल आणि मूनी, दोघेही सरकारी सेवक, दोघेही लोकधर्माचे अभ्यासक. एकाचे टिपण सरकारी अहवालात सन्मानाने छापले गेले. दुसऱ्याला मूलनिवासींच्या वस्त्यांत पुढील संशोधन करण्यास मनाई झाली, आणि ती उठण्यापूर्वीच १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले. साम्राज्याच्या तिजोरीला भांगेपासून उत्पन्न होते; पेयोटीपासून कोणाच्याच तिजोरीत काही पडत नव्हते.

११/ नोंदणीमुळे पेयोटी उपासकांना कवच मिळाले, पण ते अभेद्य नव्हते. १९६० च्या दशकात केंद्रीय नियमांत या चर्चला सूट मिळाली. मात्र १९९० मध्ये, ओरेगन राज्यात पेयोटी घेतल्यामुळे नोकरी गमावलेल्या दोघांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सर्वांना सारख्याच लागू असणाऱ्या कायद्यातून धर्माच्या नावाने सुटका मागता येत नाही. जनमत खवळले. १९९३ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा नवा कायदा आला, आणि १९९४ मध्ये मूलनिवासींच्या पेयोटी-विधीला स्पष्ट संरक्षण मिळाले.

१२/ चर्चचा फलक लावला की सूट मिळते, असेही नव्हे. १९६८ मध्ये ‘निओ-अमेरिकन चर्च’चा दावा वॉशिंग्टनच्या न्यायालयाने फेटाळला. एलएसडी हा त्या चर्चचा प्रसाद आणि तीन डोळ्यांचा बेडूक हे त्याचे चिन्ह. न्यायालयाला त्यात श्रद्धेपेक्षा थट्टाच अधिक दिसली. याउलट २००६ मध्ये, ब्राझीलमध्ये १९६१ साली स्थापन झालेल्या ‘युनियाओ दो वेजेताल’ पंथाच्या अमेरिकन शाखेला आयावास्का हा विधीचा काढा वापरू देण्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला.

१३/ आता परत सोलापूरकडे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला. सोलापूर जिल्हाही त्याच्या कक्षेत आला. या कायद्याने भांगही नियंत्रणाखाली आणली. परवान्याशिवाय ती बाळगणे हा महाराष्ट्रात आजही गुन्हा ठरू शकतो. कॅम्पबेल यांनी ज्या प्रांतासाठी इशारा दिला होता, त्याच प्रांताने पन्नास-पंचावन्न वर्षांत तो बाजूला सारला.

१४/ याच कायद्यात एक दुर्लक्षित तरतूद आहे. एखाद्या समाजाला धर्मविधीसाठी मद्य आवश्यक आहे याची खात्री पटल्यास, त्याच्या धर्मगुरूला ते बाळगण्याची अनुमती राज्य सरकार देऊ शकते. चर्चमधील प्रभुभोजनाचा द्राक्षरस हे त्याचे सहज सुचणारे उदाहरण. म्हणजे धर्मासाठी अपवाद ही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. परंतु ती मान्यताप्राप्त समाजाच्या, ओळखीच्या विधीपुरती आहे.

१५/ १९८५ च्या केंद्रीय अमली पदार्थ कायद्याने (एनडीपीएस) गांजा आणि चरस निषिद्ध ठरवले. फुलोऱ्याविना असलेली पाने मात्र व्याख्येबाहेर राहिली, म्हणून भांगेचा प्रश्न राज्यांकडे उरला. एलएसडी, मेस्कलीन, सायलोसायबिन ही द्रव्ये याच कायद्याच्या परिशिष्टात आहेत. धार्मिक वापरासाठी तेथे कोणतीही सूट नाही. सवलत पानाला मिळाली, उपासकाला नाही.

१६/ मग आज कोणी सोलापुरात अशा द्रव्याभोवतीचा नवा पंथ स्थापन करू म्हटले तर? विश्वस्त नेमता येतील, घटना लिहिता येईल, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात अर्जही करता येईल. पण उद्दिष्टच कायद्याने निषिद्ध असेल तर न्यास टिकत नाही. आणि नोंदणी झालीच, तरी तिने फौजदारी कायद्यापासून अभय मिळत नाही.

१७/ घटनेचे कलम २५ धर्मस्वातंत्र्य देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संप्रदायाच्या तीन खुणा स्वीकारल्या : समान श्रद्धा, समान संघटन, स्वतंत्र नाव. त्याच निर्णयातून धर्माचे ‘अत्यावश्यक’ अंग कोणते, ही कसोटीही पुढे आली.

१८/ ही कसोटी नव्या पंथांना किती जड जाते, हे १९८३ च्या आनंदमार्ग खटल्यात दिसले. कोलकात्याच्या रस्त्यावर तांडवनृत्याची मिरवणूक काढण्याचा हक्क पंथाने मागितला होता. न्यायालयाने आनंदमार्गाला संप्रदाय मानले, पण पंथ १९५५ चा आणि तांडव १९६६ चे, म्हणून ते अत्यावश्यक नाही असे ठरवले. तत्पूर्वी १९८२ मध्ये ऑरोविल खटल्यात श्रीअरविंदांच्या अनुयायांना संप्रदायाचा दर्जाच नाकारला गेला होता.

१९/ यातील विसंगती विचार करण्याजोगी आहे. प्रत्येक धर्म कधीतरी नवा होता. बाराव्या शतकात बसवण्णा आणि सोलापूरचे सिद्धरामेश्वर यांनी रूढीहून निराळी वाट चोखाळली, तेव्हा त्यांच्या आचारालाही प्राचीनतेचा दाखला नव्हता. वयावरून श्रद्धेची पारख करणारी कसोटी परंपरेला जपते आणि आरंभाला अडवते.

२०/ दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ही द्रव्ये निरुपद्रवी नाहीत, आणि गुरूच्या हाती शिष्याचे भान सोपवणाऱ्या पंथात शोषणाचा धोका मोठा असतो. केवळ नोंदणीचा कागद पाहून सूट दिली, तर उद्या व्यापारीही मठ काढतील. म्हणून राज्यसंस्थेने प्रश्न विचारणे गैर नाही. ते सर्वांना एकाच मापाने विचारले जातात का, हा खरा वाद आहे.

२१/ १८९४ मध्ये आयोगाने हजाराहून अधिक साक्षी ऐकल्या, मग मत बनवले. १९१८ मध्ये ओक्लाहोमातील भक्तांना आपली प्रार्थना सनदेच्या भाषेत मांडावी लागली, तेव्हा कुठे त्यांचे ऐकले गेले. पंथ खरा की खोटा हे ठरवण्यापूर्वी त्याच्या उपासकांना साक्षीला बोलावावे, एवढा धडा या दोन्ही दप्तरांतून घेण्यासारखा आहे.

#म #इतिहास #सोलापूर