बंद देवालये, उघडी घरे

पुण्यातल्या ख्रिस्ती समाजाला सव्वादोनशे वर्षांहून जुना इतिहास आहे. पेशव्यांच्या फौजेतील ख्रिस्ती सैनिकांना उपासनेसाठी सवाई माधवरावांच्या काळात 1792 मध्ये जागा मिळाली. क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च त्याच जागेवर आहे. गुरुवार पेठेत पंचहौदाचे पवित्र नाम देवालय 1885 पासून उभे आहे. 1897 चा प्लेग आणि 2020 चा कोरोना या दोन्ही साथी या समाजाने पाहिल्या. दोन्ही वेळी सरकारने हाती घेतलेला कायदाही एकच, 4 फेब्रुवारी 1897 चा साथरोग कायदा. महाराष्ट्राने 13 मार्च 2020 रोजी तोच पुन्हा लागू केला.

प्लेगच्या वेळी पुण्यात पंडिता रमाबाईंचे शारदा सदन हे विधवा आणि निराधार मुलींचे आश्रयगृह होते. त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता आणि रमाबाई तिथल्या निराधार मुलींना आणत होत्या. प्लेगमुळे या मुलींना शहरात ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावला, संस्थेने घेतलेल्या जमिनीवर, तंबूत आणि कामचलाऊ छपरांखाली नेले. तिथेच पुढे मुक्ती मिशन वाढले. महाराष्ट्रातली एक मोठी ख्रिस्ती संस्था केडगावच्या माळावर उभी राहिली, त्याचे एक कारण साथीचे निर्बंध हे आहे.

रमाबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. सदनातील एका मुलीला सरकारी प्लेग इस्पितळात नेल्यानंतर जे घडले त्याविषयी त्यांनी मे 1897 मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले. इंग्रज अधिकारी रँडच्या प्लेग समितीच्या कारभारावर टीका करणाऱ्यांत एक ख्रिस्ती स्त्री होती, ही गोष्ट रँडला मारणाऱ्या चापेकर बंधूंच्या कथेत झाकोळून जाते. ती झाकोळू नये. श्रद्धेने ख्रिस्ती असणे म्हणजे गोऱ्या सरकारची बाजू घेणे, हा समज या एका पत्राने खोटा ठरतो.

2020 चा प्रसंग वेगळा होता. 9 मार्चला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच सापडले. 22 मार्चचा जनता कर्फ्यू रविवारी आला, म्हणजे नेमका उपासनेच्या दिवशी. तो उपवासकाळातला चौथा रविवार होता. टाळेबंदी लागली तेव्हा ख्रिस्ती वर्षातला सर्वांत मोठा आठवडा तोंडावर होता. 5 एप्रिलला झावळ्यांचा रविवार झाला. 6 तारखेच्या मध्यरात्रीपासून पुण्याच्या मध्यवर्ती पेठांचा मोठा भाग सील करण्यात आला. 10 तारखेला उत्तम शुक्रवार आणि 12 ला पुनरुत्थानाचा सण होता. शहराबाहेर, मुळशीतल्या पिरंगूट-उरवड्याकडे राहणाऱ्या कुटुंबाला तर पासाशिवाय शहरातल्या देवालयापर्यंत येणेही शक्य नव्हते.

रोममधून 25 मार्चला आलेल्या आदेशाने कॅथलिक देवालयांना त्या आठवड्याचे विधी लोकांविना करायला सांगितले. पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी वगळण्यात आला. दोनच दिवसांनी पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या सेंट पीटर्स चौकात एकटे उभे राहून प्रार्थना करताना जगाने पाहिले.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उत्तम शुक्रवारी बारा ते तीन अशी तीन तास उपासना चालते. क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचने होतात आणि मधे गीते म्हटली जातात. त्या वर्षी ही उपासना फोनच्या पडद्यावर आली. पाळक आपल्या घरून बोलत आणि मंडळी आपापल्या घरात ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडून गात. आवाज प्रत्येक घरातून थोडा मागेपुढे पोचायचा, म्हणून बहुतेक ठिकाणी एकालाच गायला सांगून बाकीच्यांचे माइक बंद ठेवावे लागत. एका सुरात गाणारी मंडळी दिसत होती, पण एकमेकांना ऐकू येत नव्हती. ज्यांच्याकडे चांगला फोन नव्हता, त्यांच्या वाट्याला तेही आले नाही.

तरी घरातली उपासना मराठी ख्रिस्ती माणसाला नवी नव्हती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग-भजनाच्या वळणावर आणली, ती टाळाच्या साथीने ओटीवर बसूनही गाता येते. वसईकडे घराच्या अंगणातल्या किंवा आळीतल्या क्रूसापुढे जपमाळ म्हणण्याची रीत जुनी आहे. ही सवय होती म्हणूनच दारे बंद झाल्यावर भक्ती थांबली नाही. आईवडिलांनी मुलांना घेऊन शास्त्रवाचन करायचे, ही कित्येक घरांत मागे पडलेली कुटुंब-उपासना टाळेबंदीत परत आली.

घरात आणता येत नव्हत्या अशा गोष्टी मात्र जिव्हारी लागल्या. त्यांतली पहिली प्रभुभोजन. कॅथलिकांना मिस्सा पडद्यावर पाहून ख्रिस्तप्रसाद मनोमन स्वीकारण्याची प्रार्थना म्हणावी लागली. प्रॉटेस्टंटांत घरच्या टेबलावर भाकर आणि द्राक्षरस ठेवून पाळकाच्या शब्दांबरोबर घ्यावे की पुन्हा एकत्र येईपर्यंत थांबावे, याविषयी मतभेद झाले. काही मंडळ्यांनी घेतले, काही थांबल्या. भाकर एकाच ताटातून घेण्यातच सहभागिता आहे, हे थांबलेल्यांचे म्हणणे हलके नव्हते.

दुसरी गोष्ट मूठमातीची. ख्रिस्ती घरात मृत्यू झाला की देह देवालयात नेतात, गीते होतात आणि दफनभूमीत प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. 30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाने गेलेल्या सर्वांचे धर्म न पाहता दहन करावे, असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदलले. दफनाचा प्रश्न पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानावरून उच्च न्यायालयात गेला. 22 मे रोजी न्यायालयाने दफनाला मुभा कायम ठेवली. मृतदेहामुळे साथ पसरते याला शास्त्रीय आधार नाही, आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा हक्क आहे, असा तो निर्णय होता. तो मुस्लिमांइतकाच ख्रिस्ती समाजाच्याही कामाचा ठरला. पण अंत्यविधीला माणसे मोजकीच असत आणि देह पिशवीत बंद असे. आप्तांना चेहरा न पाहताच परतावे लागे.

केंद्राने 8 जून 2020 पासून प्रार्थनास्थळांना परवानगी दिली, पण महाराष्ट्रात ती 16 नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडली. त्यामुळे सप्टेंबरची वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा आणि श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउलीची यात्रा नेहमीसारखी झाली नाही. त्या नाताळात मिस्सेला पन्नास माणसांची मर्यादा होती. शहरांत रात्री 11 नंतर संचारबंदी होती, म्हणून मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच आटोपली. पुढच्या वर्षी पुण्यात उत्तम शुक्रवार 2 एप्रिलला झाला आणि 3 तारखेपासून धार्मिक स्थळे पुन्हा बंद झाली. 4 तारखेचा ईस्टर त्यामुळे सलग दुसऱ्यांदा घरीच साजरा करावा लागला. राज्यभर दारे उघडली ती 7 ऑक्टोबर 2021 रोजी, घटस्थापनेला. पुण्यातल्या मंडळीला 2019 नंतर निर्बंधांविना, खांद्याला खांदा लावून पुनरुत्थानाचा सण करता आला तो 17 एप्रिल 2022 रोजी.