लायन्सची मिठाची खाण

अणुभट्टीतला किरणोत्सारी कचरा हजारो वर्षे सांभाळावा लागतो. जमिनीखाली मिठाचा थर टिकून आहे, याचाच अर्थ तेथे पाणी पोचलेले नाही. म्हणून १९७० मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने कॅन्सस राज्यातील लायन्स येथील बंद पडलेली मिठाची खाण या कचऱ्यासाठी निवडली.

राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे विल्यम हॅम्बलटन व सहकारी यांनी शंका काढल्या. परिसरात जुन्या तेलविहिरी होत्या, म्हणजे थराला भोके पडलेली होती. शेजारच्या खाणीत मीठ विरघळवण्यासाठी सोडलेले पुष्कळ पाणी तर परत आलेच नव्हते. ते गेले कुठे? १९७२ मध्ये योजना सोडून द्यावी लागली.

अणुऊर्जेचा प्रसार आणि तिच्यावरची देखरेख, दोन्ही कामे तेव्हा याच आयोगाकडे होती. १९७४ च्या कायद्याने ती वेगळी केली. ‘जागा सुरक्षित आहे का?’ याबरोबरच ‘हे तपासले कोणी?’ हेही विचारायला हवे.