भोगाली बिहू : धान्यावरचा पहिला हक्क

संक्रांतीच्या आदल्या दिवशीं आपल्याकडे भोगी असते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हिवाळी भाज्यांची लेंकुरवाळी भाजी हें तिचें ठरलेलें ताट. याच सुमारास ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत 'उरुका'ची रात्र येते, आणि तिच्या पाठोपाठ येणाऱ्या सणास आसामी लोक 'भोगाली बिहू' म्हणतात. दोन्ही नांवांच्या मुळाशीं 'भोग' हा एकच शब्द आहे. परंतु आपली भोगी ज्याच्या त्याच्या चुलीपाशीं होते. उरुका मात्र गांवानें मिळून, कापणी झालेल्या उघड्या शेतांत साजरी करावयाची असते. हा भेद केवळ जागेचा नव्हे. पिकविलेल्या धान्यावर पहिला हक्क कोणाचा, या प्रश्नाचें एका कृषिसमाजानें दिलेलें उत्तर त्यांत आहे. आणि आसामच्या इतिहासांत हा प्रश्न एकदांच उपस्थित झालेला नाहीं.

बिहू एक नव्हे, तीन आहेत; आणि तिन्ही मिळून भातशेतीचें एक वर्ष पुरें होतें. एप्रिलच्या मध्यास येणारा रंगाली बिहू हा नववर्षाचा व मशागतीच्या आरंभाचा. त्या वेळीं गुरांना उडीद-हळद लावून न्हाऊं घालतात, नवीं दावीं बांधतात. ऑक्टोबरच्या मध्यास कंगाली येतो. या वेळीं शेत हिरवेंगार असतें, पण घरांतील कोठार तळाला गेलेलें असतें. म्हणून या सणास मेजवानी नाहीं. तुळशीपाशीं व शेतांत एक पणती लावावयाची, आणि उभें पीक सुखरूप राहो अशी प्रार्थना करावयाची, एवढाच त्याचा विधि. 'कंगाल' हा आपल्याहि परिचयाचा शब्द त्याच्या नांवांत आहे. जानेवारींतला भोगाली हा या कंगालीचा उतारा होय. जो समाज टंचाईच्या महिन्यालाहि सण मानतो, त्याच्या सुगीच्या मेजवानीकडे निव्वळ चैन म्हणून पाहतां येत नाहीं.

उरुकेच्या दिवशीं गांवकरी 'बील' नांवाच्या तळ्यांत उतरून, बांबूचीं साधनें घेऊन मिळून मासे धरतात. घरोघरीं पायानें चालविण्याच्या ढेंकीवर तांदूळ कुटला जातो, आणि त्या पिठाचे तीळ-गूळ भरलेले 'पिठा' होतात. शेतांत पेंढ्याची व बांबूची एक खोपी उभारतात. तिला 'भेलाघर' म्हणतात. जवळच लांकडें, बांबू व पेंढा रचून 'मेजी' नांवाचा उंच ढीग तयार करतात. रात्रभर भेलाघरापाशीं स्वयंपाक, जेवण, गाणीं व जागरण चालतें. या एका रात्रीं शेजाऱ्याच्या परसांतील भाजी किंवा कुंपणाचा बांबू तरुणांनीं पळविला, तर ती चोरी धरली जात नाहीं. पहांटे स्नान करून मेजी पेटवितात, अग्नीला पिठा व सुपारी अर्पण करतात, आणि भेलाघरहि ज्वाळांच्या स्वाधीन होतें. अर्धवट जळलेलीं लांकडें फळझाडांपाशीं ठेवतात, राख शेतांत टाकतात. सर्वांनीं मिळून बांधलेलें घर सर्वांनीं मिळून जाळावयाचें; कोणा एकाच्या मालकीचें असें मागें कांहीं उरूं द्यावयाचें नाहीं.

हा सण मुळांत कोणाचा, असा वाद पुष्कळदा घातला जातो. 'बिहू' हा शब्द संस्कृत 'विषुव' शब्दापासून आला, असें अनेक पंडित मानतात. मेष व तुळा संक्रांतींस येणाऱ्या रंगाली व कंगालीला ही व्युत्पत्ति जुळते. पण मकरसंक्रांतीस येणाऱ्या भोगालीशीं विषुवाचा संबंध नाहीं. उलट डिमासा लोकांचा 'बुशू' हा सुगीचाच सण आहे, आणि देउरींचा 'बिसू' वसंतांत येतो. तेव्हां एकाच मुळाचा आग्रह न धरतां, अनेक जमातींच्या कृषिविधींचा व संक्रांतीच्या पंचांगाचा येथें संगम झाला, असें म्हणणें अधिक सयुक्तिक होईल.

इ. स. १२२८ मध्यें सुकाफानें स्थापिलेल्या आहोम राज्यानें रोपणीच्या भातशेतीचा मोठा विस्तार केला. बांध घालणें, पाणी वळविणें, रोपें लावणें हीं एकट्याच्या बळाचीं कामें नव्हत. राज्याची 'पाइक' पद्धतिहि याच सामायिकपणावर उभी होती. चार पाइकांचा एक 'गोट' असे. त्यांतील एकानें पाळीनें राजाच्या कामास जावयाचें, आणि मागें राहिलेल्यांनीं त्याचें शेत सांभाळावयाचें. मोबदला म्हणून प्रत्येकास दोन पुरा भातजमीन करमुक्त मिळे. राजा मुख्यतः श्रम घेई. ज्याचें शेत शेजाऱ्यांनीं राखलें, त्यानें सुगीच्या रात्रीं एकट्यानें कसें जेवावें?

१८२६ च्या यांदाबोच्या तहानें आसाम इंग्रजांच्या हातीं गेला, आणि पुढें श्रमाच्या जागीं रोख सारा आला. धान्यावरचा पहिला हक्क आतां खजिन्याचा झाला. १८६० मध्यें अफूच्या लागवडीवर बंदी आली. पान-सुपारीवरहि कर बसणार अशी वार्ता पसरली. १८६१ च्या ऑक्टोबरांत, कंगाली बिहूच्याच दिवसांत, नौगांवकडील फुलगुरी येथें शेतकरी जमले, आणि १८ तारखेच्या झटापटींत सिंगर नांवाचा इंग्रज अधिकारी मारला गेला. पुढें वाढीव साऱ्याविरुद्ध दरंग भागांतील पाथारुघाट येथें जमलेल्या रयतेवर २८ जानेवारी १८९४ रोजीं गोळीबार झाला. भोगाली होऊन तेव्हां दोनच आठवडे लोटले होते. सरकारी नोंदींत मृतांचा आंकडा १५ आहे. लोकस्मृतींत तो १४० आहे. या चळवळी सणांतून निघाल्या असें म्हणण्याचा हेतु नाहीं. परंतु त्या सभांना 'राइज-मेल' म्हणत. आणि राइज म्हणजे तोच लोकसमुदाय, जो मेजीभोंवतीं उभा राहतो. एकत्र जेवण्याची संवय असलेल्यांना एकत्र नकार देणें जड गेलें नाहीं.

पैशाचें हें राज्य जेथें अजूनहि थोडा वेळ थांबतें, असें एक ठिकाण मोरीगांव जिल्ह्यांत जागीरोडजवळ आहे. तेथें भोगालीच्या सुमारास जोनबीलची जत्रा भरते. 'जोन' म्हणजे चंद्र. चंद्रकोरीसारख्या तळ्यावरून हें नांव पडलें. डोंगरांतून उतरलेले तिवा व इतर लोक आलें, हळद, भोपळे आणतात. मैदानांतले लोक पिठा, तांदूळ, सुकी मासळी देतात. देवघेव वस्तूला वस्तु अशी होते. तिवांचा परंपरागत गोभा राजाहि या वेळीं उपस्थित असतो.

आज शहरांत पिठा दुकानांत मिळतात, मासे बाजारांतून येतात, आणि कांहीं भेलाघरें प्रसिद्ध इमारतींच्या नकला करूं लागलीं आहेत. याबद्दल हळहळणें सोपें आहे. खरी चिंता निराळी आहे. १९५० च्या भूकंपानंतर ब्रह्मपुत्रेचें पात्र गाळानें उंचावलें, आणि नदी कांठची जमीन गिळीत चालली आहे. ज्याचें शेतच वाहून गेलें, त्यानें मेजीची राख कोठें टाकावी? भोगाली टिकविणें म्हणजे पिठांच्या कृति किंवा भेलाघरांचे आकार जपणें नव्हे. कंगालीच्या दिवसांत जो शेजारी रिकाम्या कोठाराचा सोबती होता, त्याला भरल्या कोठारांतला वांटा आधीं द्यावा, हा या सणाचा अर्थ आहे. ज्याचें शेत नदीनें नेलें, त्यालाहि मेजीभोंवतीं आपलेपणानें जागा मिळत राहील, तोंवरच तो अर्थ खरा राहील.